उंबऱ्यावरची केराची ओळ

अंबील घरात आली की मला आधी घाम फुटतो आणि मग भूक लागते. हा क्रम गेली साठ-पासष्ट वर्षं चुकलेला नाही. काल वेळ अमावस्या झाली. इथं लातुरात, आमच्या इमारतीत, कुणाला शेत आहे? पण शेजारची सुनंदा, तिचं माहेर बिदरच्या औरादकडचं, ती माहेरच्या रानात जाऊन आली आणि येताना डबाभर अंबील, हिरव्या दाण्यांची भज्जी आणि बाजरीचे चार उंडे माझ्या पुढ्यात ठेवून गेली. "तात्या, गार हाय तवर प्या," म्हणाली. अंबील गारच असते, ती काय तापणार आहे? झाकण काढलं. ताक, लसूण आणि ज्वारीचं पीठ यांचा तो आंबूस वास आला आणि मी, सत्त्याऐंशी वर्षांचा म्हातारा, डबा तसाच ठेवून खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. समोर दुसऱ्या इमारतीची गच्ची आणि तिच्यावर वाळत घातलेल्या चादरी. बघण्यासारखं काही नव्हतं, तरी बराच वेळ उभा होतो.

पुण्या-मुंबईच्या माणसाला वेळ अमावस्या सांगायला गेलं की तो 'हुरडा पार्टी का?' म्हणून विचारतो. कसली पार्टी! थंडी ऐन भरात असते, ज्वारी पोटरीतून निसवून दाण्यावर आलेली, हरभऱ्याला घाटे, करडईला काटे. त्या दिवशी गावंच्या गावं रिकामी होतात. डोक्यावर अंबिलीची मडकी घेऊन माणसं रानात जातात, कडब्याच्या खोपीत पाच दगडांचे पांडव मांडतात, आणि वाटेनं जो कोणी दिसेल त्याला हाका मारून पंगतीला बसवतात. ओळख असायची गरज नाही. मला तसंच बसवलं होतं, आणि जेवून उठल्यावर मी जे केलं त्याचा मला घाम फुटतो.

निजामाचं राज्य जाऊन चारेक वर्षं झाली असतील. मी उदगीरचा, पण बिदरात एका उस्तादांच्या दुकानी फोटोचं काम शिकलेला. तेव्हा हैदराबादच्या एका सरकारी साहेबाच्या मनात आलं की मुलखातली जुनी घरं पडायच्या आत त्यांचे फोटो काढून ठेवावेत. उस्तादांचे गुडघे गेलेले, म्हणून त्यांनी मला पुढं केलं. साहेबांनी बारा काचा दिल्या. तेव्हा फोटो काचेवर निघत. एक काच, एक फोटो. आणि बजावलं, की फोटोत माणूस नको. माणूस आला की बघणाऱ्याचं घराकडं लक्ष राहत नाही. मला ते वाक्य केवढं भारी वाटलं होतं! वय बावीस. साहेबांचं इंग्रजी, साहेबांचा पाइप, सगळंच भारी. बैलगाडीत लाकडी कॅमेरा, तीन पायांची घोडी आणि काळं कापड टाकून मी औरादहून ठाणाकुशनूरच्या वाटेला लागलो तेव्हा आपण म्हणजे कोणीतरी आहोत, असं मला मनापासून वाटत होतं.

त्या वाटेवरच्या एका गावात ती हवेली होती. गावाचं नाव लिहीत नाही. त्या गावाला तोंड दाखवायची लाज अजून गेलेली नाही. हवेली जहागीरदारांची. काळ्या दगडाचं जोतं, आत चौक, चौकाच्या एका अंगाला पुरुषांची बैठक आणि दुसऱ्या अंगाला जनाना. मधल्या दरवाजाच्या दोन्ही बाजूंना निळ्या-हिरव्या चिनी फरशा बसवलेल्या, बिदरच्या महालात आहेत तशा. जहागीरदारांची माणसं राज्य बदललं तेव्हा हैदराबादला निघून गेलेली. मला वाटलं, वटवाघळं उडवून, जाळी काढून फोटो काढावे लागतील. दारात पाऊल टाकलं तर काय! सडा घातलेला. रांगोळी. कोनाड्यातल्या समईचं पितळ चिंचेनं घासून लखलखीत. भिंतीवर नुकता चुन्याचा हात फिरलेला. राहणारं एक माणूस नाही आणि घर पाहुणे यायच्या दिवशी असतं तसं.

"कोन हाय ते? जोडे भाईर काडा," आतून आवाज आला.

ही शांताक्का. गावातल्या तेल्याच्या दुकानाची मालकीण, लिंगायत, पन्नाशीच्या आतबाहेरची, गळ्यात लिंगाची चांदीची डबी आणि कमरेला हातभर लांब किल्ली. हातात शिंदीचा झाडू. मी सांगितलं, सरकारी माणूस आहे, फोटो काढायला आलोय. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"सरकार लई ल्हान वयात नोकरीला ठेवायलंय की," म्हणाली.

तिच्याकडून आणि तिच्याबद्दल इतरांकडून तीन दिवसांत जे कळलं ते असं. रझाकारांच्या दिवसांत एकदा गावावर पाळी आली तेव्हा हवेलीतल्या बेगमनं गावातल्या सगळ्या बायका जनान्यात घेतल्या होत्या. स्वतः मधल्या दरवाजात खुर्ची टाकून अकरा दिवस बसली. जो येईल त्याला म्हणायची, आत माझ्या लेकी आहेत. मग निजाम पडला, वारं फिरलं आणि तिच्यावर पाळी आली. तेव्हा गावानं तिची गाडी मध्ये घालून, दोन्ही बाजूंनी चालत, तिला सडकेपर्यंत पोचवलं. गाडीत बसताना तिनं जनान्याची किल्ली शांताक्काच्या हातात दिली.

"म्हणली, शांता, झाडत ऱ्हा, मी येतेय," शांताक्का मला सांगत होती. "म्हणून झाडायलेय. दुसरं काय न्हाई."

दुसरं काय नाही! चार वर्षं रोज सकाळी स्वतःच्या दुकानाचं दार उघडायच्या आधी ती हे दार उघडायची. दर गुरुवारी ऊद जाळायची, कारण बेगमम्मा जाळायची. पावसाच्या तोंडावर गवंडी येऊन फुकट चुना भरून जायचा, कोणीतरी भिंतीतलं पिंपळाचं रोप उपटून टाकायचं. कुणी त्यांना सांगितलेलं नव्हतं आणि ते कुणाला सांगतही नव्हते. हल्ली अशा लोकांच्या संस्था असतात, त्यांच्या छातीवर बिल्ले असतात. असू देत बापडे. मला बिल्ला दिसला की शांताक्काच्या कमरेची किल्ली आठवते.

बैठकीची बाजू मौलाचाचांकडं होती. जहागीरदारांच्या घोड्यांचा हा जुना मोतद्दार. घोडे गेले, मालक गेले, हा राहिला. आणि इथं ती गंमत होती. मौलाचाचा जनान्याच्या बाजूला पाऊल टाकायचे नाहीत, आणि शांताक्का बैठकीच्या बाजूला जायची नाही. आत चिटपाखरू नाही, पडदा कधीच उतरलेला, तरी दोघं पडदा पाळत. ती इकडून मधल्या दरवाजापर्यंत झाडत यायची, ते तिकडून यायचे. आपापला केर सुपलीत भरायचे, पण उंबऱ्याला भिडलेला उरलासुरला केर कुणाचा? ती म्हणायची, तो त्यांच्या बाजूचा. ते म्हणायचे, उनका है. त्यामुळं त्या चकचकीत घरात, नेमक्या त्या सुंदर दरवाजाच्या उंबऱ्यावर, केराची एक बारीक ओळ कायम पडलेली.

मी वैतागलो. मला त्या दरवाजाचा फोटो हवा होता. "चाचा, एवढं उचला की," म्हटलं.

"नक्को बाबा," चाचा म्हणाले, "उधर बेगमसाब का राज है. हमना कैकू डालते झगडे में?"

शेवटी ती ओळ मी सरकारी हातानं उचलली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा होती.

ते तीन दिवस! मला आयुष्यात पुढं कामं मिळाली, दुकान झालं, नावही थोडंफार झालं, पण तसे तीन दिवस परत आले नाहीत. सकाळी दहाच्या सुमाराला चौकात ऊन उतरायचं आणि एकेका खांबावरून सरकत जायचं, आणि मी त्याच्या मागं घोडी उचलून पळायचो. काळ्या कापडाखाली शिरलं की आतल्या दुधी काचेवर घर उलटं दिसायचं. छत खाली, फरशी वर. सगळं जुळलं की काचेची चौकट सरकवायची, भिंगाची टोपी काढायची आणि मोजायचं. आतल्या सावलीत दहापर्यंत. उस्तादांनी मोठ्यानं मोजायला शिकवलेलं, म्हणून मी मोठ्यानं मोजायचो. एक... दोन... तीन... शांताक्का झाडू थांबवून ऐकत राहायची आणि दहा झाले की म्हणायची, "झालं का रं तम्मा तुझं पाडं म्हनून?" तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. दुसऱ्या दिवसापासून मी तिचा तम्मा झालो होतो. मला सख्खी बहीण नाही, हे मी तिला सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी वेळ अमावस्या. सकाळीच शांताक्काचा निरोप आला, रानात जेवायला ये. गेलो. खोपीत बसलो. मौलाचाचाही पंगतीला होते. अंबील तिनं ओगराळ्यानं वाढली, एकदा, दोनदा, आणि मी नको म्हणालो तेव्हा हात धरून तिसऱ्यांदा. ज्वारीच्या पानांची सळसळ, लांब कुणाच्या तरी रानातली हाळी, पाठीवर कोवळं ऊन. मी पोट धरून लवंडलो. तेव्हा ती जवळ येऊन बसली. इरकली लुगडं नेसलेली, जरा लाजलेली. मी तिला पहिल्यांदाच लाजताना बघितलं.

"तम्मा, एक काम हुतं. माझा एक फोटू काडशील? त्या दारात. किल्ली घेऊन. चाचा त्या अंगाला, मी ह्या अंगाला. बेगमम्माला धाडायचाय. ती बिमार हाय म्हनं. घर झाडायलोत, उघडं टाकलं न्हाई, येवढं तिला दिसलं की बास."

माझ्याकडं एकच काच उरली होती. अकरा झाल्या होत्या. बारावी पुढच्या गावासाठी राखलेली, आणि साहेबांचा हुकूम कानात. आता म्हणाल, सरळ सांगायचं, अक्का, काच नाही. तेच सांगायचं होतं. पण तिची अंबील पोटात होती, ती माझ्या तोंडाकडं बघत होती, आणि 'नाही' म्हणायची माझी छाती झाली नाही. 'हो' म्हणायलाही छाती लागते, तीही नव्हती. मग मी आमच्या धंद्यातली सोपी वाट धरली. खेड्यापाड्यांत लोक मागं लागले की फोटोवाले रिकामी चौकट सरकवत, टोपी काढत, लावत, आणि 'झाला' म्हणत. लोक खूश, काच शाबूत. सगळेच करत. उस्तादही करत.

फसवायचं असलं तरी भिंग जुळवावंच लागतं, नाहीतर लोकांना शंका येते. म्हणून हवेलीत आल्यावर मी कापडाखाली शिरलो. दुधी काचेवर ती दोघं उलटी उभी होती. पाय वर, डोकी खाली, मध्ये तो दरवाजा, दोन्ही बाजूंना निळ्या-हिरव्या फरशा. तिच्या कमरेची किल्ली उन्हाच्या तिरपीत चमकत होती. चाचांनी पागोटं बांधलं होतं. दोघांच्या मध्ये उंबऱ्यावर ती केराची ओळ, त्या दिवशी मी ती उचलली नव्हती. देवाशपथ सांगतो, इतका सुंदर फोटो मला जन्मात पुन्हा दिसला नाही. मी बघत राहिलो. हात आपोआप भरलेल्या चौकटीकडं गेला होता. मग साहेब आठवले, आणि मी रिकामी सरकवली.

टोपी काढली, टोपी लावली. "झाला," म्हणालो. "महिन्याभरात घेऊन येतो."

चाचांनी श्वास सोडला. शांताक्का जरा वेळ तशीच उभी राहिली. मग तिनं मला वाटेत खायला चार उंडे बांधून दिले.

बारावी काच मी पुढच्या गावात एका पागेच्या भिंतीवर खर्च केली. पागेच्या भिंतीवर! ते सगळे बारा फोटो साहेबांच्या फायलीत गेले. पुढं राज्याची वाटणी झाली, आमचं उदगीर एका राज्यात गेलं आणि औराद दुसऱ्यात, आणि ती फाइल कुठल्या कचेरीच्या कपाटात गेली ते मी दोन्हीकडं जाऊन विचारलं, कुणाला ठाऊक नाही. म्हणजे ज्यांच्यासाठी काच वाचवली त्यांनी ती हरवली. राग येतो. साहेबांचा येतो, पण जास्त माझाच येतो.

महिन्याभरात मी गेलो नाही. काय घेऊन जाणार होतो? उन्हाळा गेला, पावसाळा गेला. मन खात होतं. जेवताना खायचं, दुकानात कुणी 'हलू नका हं' म्हटलं की खायचं. पुढच्या वेळ अमावस्येला माझ्या पदरची एक काच घेऊन मी त्या गावी पोचलो. म्हटलं, खरं सांगून टाकू, पाय धरू, आणि खरा फोटो काढू.

शांताक्का रानात होती, त्याच खोपीत. मला बघून तिनं पान वाढलं. मी पानाला हात न लावता म्हणालो, "अक्का, चुकलं माझं. त्या दिशी चौकटीत काच नव्हती."

"ठावं हुतं," ती म्हणाली.

"कसं?"

"घराचे फोटू काडताना दहा म्हनायचास. आमच्या टायमाला मोजलंच न्हाईस."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. तीन दिवस ती माझं मोजणं ऐकत होती. तिला कॅमेऱ्यातलं काही कळत नव्हतं, पण मोजल्याशिवाय काम होत नाही एवढं तिला कळलं होतं. मी विचारलं, मग तेव्हाच का नाही बोललात?

"पंगतीला बसलेल्या मान्साला काय बोलायचं? आनि त्याच दिशी मास्तराकडून कार्ड लिवून घेतलं बेगमम्माला. फोटू निघाला, यायलाय म्हनून."

"निघाला नाही हे ठाऊक असून?"

"बिमार बाईला निघाला न्हाई म्हनून कळवू व्हय?" ती चिडली. मग आवाज उतरला. "वाट बगायला कायतर पायजे की रं मान्साला."

पलीकडं जेवत बसलेले मौलाचाचा बोलले. ते ईदला हैदराबादला जाऊन आले होते. "रोज पूछते थे," ते म्हणाले, "डाकिया आया क्या? शांता का फोटू आया क्या?"

"आखाडापतूर हुती ती," शांताक्का म्हणाली. "तू आला असतास तर बरं झालं असतं, तम्मा."

एवढंच. याच्याहून वाईट ती काही बोलली नाही, आणि याच्याहून वाईट काही बोलता आलंही नसतं. आषाढापर्यंत. सहा-सात महिने एक म्हातारी हैदराबादेत कुठल्यातरी भाड्याच्या खोलीत टपालवाल्याच्या पायांचा आवाज ऐकत होती, आणि मी बिदरात लग्नाच्या जोडप्यांना हसा म्हणत होतो.

मी म्हणालो, अक्का, काच आणलीय, आज काढतो, चला. ती नाही म्हणाली. रागानं नाही. "आता कुनाला दावायचाय?" म्हणाली. मग अंबिलीचं ओगराळं माझ्या पानापाशी धरून बसली, आणि मी पिईपर्यंत तिनं ते खाली ठेवलं नाही. संध्याकाळी निघताना बघितलं, ती हवेलीच्या चौकात झाडू घेऊन उभी होती. मी विचारलं, आता कामून झाडायलाव? ती म्हणाली, "झाड म्हनली हुती. थांब कुठं म्हनली?"

ती काच माझ्याकडं अजून आहे. काळ्या कागदात, पेटीच्या तळाशी, न उघडलेली. आता तिच्यावर काही उमटायचं नाही. घरच्यांनी दोनदा भंगारात घातली, दोनदा मी शोधून आणली.

काल तिन्हीसांजेच्या आधी सुनंदा डबा न्यायला आली. अर्धा डबा तसाच बघून रागावली. मी तिला विचारलं, तुमच्या त्या बाजूला एक हवेली होती, निळ्या फरशांची, ती पडली का गं?

"पडती कशानं? परवाच गेलो हुतो की आम्ही," म्हणत तिनं फोन काढला. फोटोच फोटो! चाळीसएक असतील, मोजणं नाही, श्वास धरणं नाही. ती बोटानं सरकवत होती. मध्येच मी तिचा हात धरला. तो दरवाजा. फरशा थोड्या उडालेल्या, पण तोच. मी फोन उलटा केला, तर चित्र आपलं फिरून सुलटं झालं. पुन्हा उलटा केला, पुन्हा सुलटं. "तात्या, काय करायलाव?" सुनंदा हसायला लागली. मग तिनं ते मोठं करून दाखवलं, आणि मला उंबऱ्यावर काहीतरी दिसलं. आधी वाटलं डोळ्यातला मोतीबिंदू. चष्मा पुसला. आडवी, बारीक, करड्या रंगाची ओळ.

"हे काय आहे?"

"केर हाय तो. तिथं असतोच. आल्याड बाया झाडतेत, पल्याड गडीमानसं. पाळी लावलीय गावानं, फुकट करतेत सगळे. पर उंबऱ्यावरचा कुनी उचलत न्हाई."

"कामून?"

"कामून ते कुनालाच ठावं न्हाई. पहिल्यापासून हाय म्हनतेत."

मला ठाऊक होतं. सांगायला तोंड उघडलं आणि डोळे पुसायला लागलो. सुनंदा घाबरली, पाणी आणू का म्हणाली. मी हातानंच नको म्हटलं. फोन दोन्ही हातांत घट्ट धरला, पाठ ताठ केली, ओळीच्या इकडं एक आणि तिकडं एक अशा दोन रिकाम्या जागा बघितल्या.

"तात्या, काय झालं?"

"हलू नकोस," मी म्हणालो, आणि मोठ्यानं मोजायला लागलो. एक... दोन... तीन...